लीळाचरित्राच्या ‘वासना’ व समुदायाच्या शिक्षणाचें मोजमाप

१

लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ होय, हें आतां सर्वमान्य झालें आहे. त्याची भाषा, त्यांतील लोकजीवनाचें चित्र व यादवकालीन इतिहासास त्यापासून होणारें साहाय्य यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु हा ग्रंथ एकट्या ग्रंथकाराच्या बुद्धीचें फळ नसून, एका समुदायानें परस्परांपासून जें शिकून घेतलें त्याचें तें लेखी रूप आहे, ही बाजू त्या मानानें मागें राहिली आहे. पोथी जुनी किती, अक्षर वळणदार किती, पाठ शुद्ध किती, एवढेंच पाहून आम्ही संग्राहक तिची किंमत ठरवितों. ती पोथी ज्यांच्या हातून घडली, ते एकमेकांपासून काय शिकले व तें कितपत टिकलें, हें मोजण्याची कसोटी आमच्याजवळ नसते. अशी कसोटी लावतां येते काय, आणि ती लावल्यास पोथ्यांची पारख करण्याच्या आमच्या रीतींत काय फरक करावा लागेल, याचा विचार येथें करावयाचा आहे.

हा विचार करण्यास बुलढाणा जिल्हा सोयीचा आहे. लोणार व मेहकर हीं या जिल्ह्यांतील दोन गांवें चक्रधरस्वामींच्या भ्रमणांत येतात. लीळाचरित्राचे एक थोर संशोधक डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांचा जन्म १९०८ सालीं याच जिल्ह्यांत, मलकापूर तालुक्यांतील नरवेल या गांवीं झाला. आणि त्यांचा ‘महानुभाव तत्त्वज्ञान’ हा १९४५ चा ग्रंथ मलकापूरच्याच अरुण प्रकाशनानें काढला. म्हणजे मूळ घटना, तिची पोथी व तिचें संशोधन या तिहींचे धागे एका जिल्ह्यांत सांपडतात.

२

समुदायाचें शिक्षण मोजावें कसें, हा प्रश्न गेल्या कांहीं दशकांत पाश्चात्य विद्वानांनीं नेटानें हातीं घेतला आहे. जीन लेव्ह ही विदुषी व एटिएन वेंगर यांनीं १९९१ सालीं एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला. लायबेरियांतील शिंपी, युकातानमधील सुइणी इत्यादि धंद्यांत उमेदवार कसे तयार होतात त्याच्या हकीकतींवरून त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, शिकणें म्हणजे एकट्याच्या डोक्यांत माहितीची भर पडणें नव्हे. नवखा मनुष्य प्रथम समुदायाच्या कडेला राहून हलकीं कामें करतो, जाणत्यांचें पाहतो व हळूहळू मध्याकडे सरकतो. या सरकण्यासच ते शिकणें म्हणतात.

पुढें २०११ सालीं वेंगर, बेव्हर्ली ट्रेनर व मार्टेन द लाट या तिघांनीं, नेदरलंडच्या मुक्त विद्यापीठामार्फत निघालेल्या एका निबंधांत, अशा समुदायाचें मूल्य पांच प्रकारांनीं पाहावें असें सुचविलें. एकत्र येण्यांतच जो लाभ होतो तो पहिला. त्यांतून जें ज्ञान, जीं साधनें व जे स्नेहसंबंध सांचतात, तो दुसरा. हा ठेवा अद्याप वापरांत आलेला नसतो. तो वापरल्यानें कृतींत जो बदल होतो तो तिसरा. त्या बदलामुळें जें प्रत्यक्ष फळ मिळतें तो चौथा. आणि यश कशास म्हणावें याचीच कल्पना समुदायानें बदलली, तर तो पांचवा. हे पांच प्रकार एकामागून एक येतीलच असा नियम नाहीं, हें ते स्वतःच बजावतात. तसेंच नुसत्या आंकड्यांवर विसंबूं नये, आंकड्यांबरोबर त्या त्या मनुष्याची हकीकतहि घ्यावी, असा त्यांचा आग्रह आहे.

ही मांडणी उपयुक्त आहे यांत शंका नाहीं. दुसरा व तिसरा प्रकार वेगळे करणें हें तर विशेष मार्मिक आहे. पोथ्यांनीं भरलेलें कपाट हा दुसऱ्या प्रकारचा लाभ होय. त्या पोथ्या वाचून कोणाची समजूत पालटली तर तो तिसरा. पुष्कळ संस्था आपल्या अहवालांत पहिल्याचा आंकडा देऊन दुसऱ्याचें समाधान मानून घेतात. तथापि या मांडणीस एक मोठी मर्यादा आहे. ती जिवंत माणसांच्या साक्षीवर उभारलेली आहे. जो शिकला त्यानेंच येऊन सांगावें, आणि परीक्षकानें तें टिपून घ्यावें, अशी तिची रीत आहे. साक्षीदार गेल्यावर, सात शतकें उलटल्यावर, शिक्षणाची कोणती खूण उरते, या प्रश्नाचें उत्तर तींत नाहीं. तें उत्तर महानुभावांच्या पोथ्यांत आहे असें आम्हांस वाटतें.

३

चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यानंतर त्यांचा शिष्यपरिवार वऱ्हाडांत ऋद्धिपूर येथें गोविंदप्रभूंच्या सन्निध जमला. नागदेवाचार्य त्यांचे प्रमुख होते. सुमारें १२७८ सालीं म्हाइंभटांनीं लीळा जमवावयास आरंभ केला. ज्या प्रसंगीं जो हजर होता त्याजकडून ती लीळा घ्यावयाची, आणि नागदेवाचार्यांकडून ती पारखून घ्यावयाची, अशी त्यांची पद्धति परंपरा सांगते. येथें म्हाइंभटांची भूमिका ध्यानांत घेण्याजोगी आहे. ते स्वतः मोठे पंडित होते. परंतु या कामांत ते विचारणारे होते व सांगणारे इतर होते. या सांगणाऱ्यांत पंडित होते, साधे भक्तजन होते आणि स्त्रिया होत्या. महदाइसेच्या चौकस प्रश्नांमुळें कित्येक विषयांचा उलगडा स्वामींच्या मुखें झाला, हें लीळाचरित्राच्या वाचकांस ठाऊक आहेच. प्रश्न विचारणाऱ्याचें नांव ग्रंथांत राहिलें, हीच मोठी गोष्ट आहे. बहुतेक जुन्या ग्रंथांत उत्तर देणारा तेवढा राहतो.

वरील पांच प्रकार या परिवारास लावून पाहिले असतां पहिले दोन सहज आढळतात. एकत्र राहून स्वामींच्या आठवणी काढणें, हा विरहांतील आधार होता, तो पहिला; आणि जमलेल्या लीळा हा ठेवा, तो दुसरा. तिसरा प्रकार केशोबासांच्या कार्यांत दिसतो. त्यांनीं लीळांतून स्वामींचीं वचनें वेगळीं काढून सूत्रपाठ तयार केला, व दृष्टांत निवडून ११४ दृष्टांतांचा दृष्टांतपाठ सिद्ध केला. आठवणीचें रूपांतर आचाराच्या नियमांत झालें.

परंतु याच ठिकाणीं एक अडचण उत्पन्न झाली, आणि ती समुदायानें ओळखली, हें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. वचन प्रसंगापासून तोडलें म्हणजे त्याचा अर्थ मोकाट सुटतो. एकास उद्देशून सांगितलेली गोष्ट सर्वांस लागूं केली जाते. रागावून काढलेला शब्द सिद्धांत होऊन बसतो. म्हणून पुढें ‘प्रकरणवश’ या प्रकारचे ग्रंथ निर्माण झाले. अमुक सूत्र कोणत्या प्रसंगीं, कोणास, कां म्हटलें, हें त्यांत सांगितलेलें असतें. आधीं संग्रह, मग निवड, निवडीनें झालेलें नुकसान लक्षांत येणें, व मग तें भरून काढण्याची योजना, असा हा क्रम आहे. आपली चूक हेरून जो समुदाय साधन बदलतो, तो शिकतो आहे असें निःशंकपणें म्हणतां येईल. यास कोणाच्या साक्षीची गरज नाहीं. ग्रंथप्रकारांचा क्रमच साक्ष देतो.

पांचव्या प्रकाराचें उदाहरण स्मृतिस्थळांत आहे. वा. ना. देशपांडे यांनीं १९३९ सालीं हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला, तेव्हांपासून त्यांतील तो प्रसंग सर्वपरिचित झाला आहे. संस्कृताकडे वळूं पाहणाऱ्या पंडित शिष्यांस नागदेवाचार्यांनीं रोखलें. संस्कृतांत लिहिल्यास समुदायांतील म्हाताऱ्या बायकांस त्याचा लाभ होणार नाहीं, असा त्यांचा अभिप्राय होता. त्या काळीं विद्येची मान्यता संस्कृताच्या मापानें ठरत असे. नागदेवाचार्यांनीं तें माप बाजूस सारलें व दुसरें माप घातलें: समुदायांतील सर्वांत कमी शिकलेल्या माणसापर्यंत पोंचतें तें ज्ञान खरें. पाश्चात्य विद्वानांनीं पांचवा प्रकार शेवटीं मांडला आहे. येथें तो आरंभींच घडलेला दिसतो, व पुढील सर्व वाङ्मय मराठींत होण्याचें तें एक मूळ कारण ठरलें.

४

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. १२९६ सालीं देवगिरीवर अल्लाउद्दीनाची पहिली स्वारी झाली. त्यापुढील दोन दशकांत यादवांचें राज्य लयास गेलें. या धामधुमींत, खालशाच्या धाडींत, लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली, असें संप्रदायाची परंपरा सांगते. ज्यांनीं ती पाठ केली होती त्यांनीं ती पुन्हां स्मरणानें उभी केली. हिराइसा, रामेश्वरबास, परशरामबास इत्यादि नांवें या संदर्भांत घेतलीं जातात. प्रत्येकाचा पाठ थोडथोडा निराळा होता. या निराळ्या पाठास संप्रदायांत ‘वासना’ ही संज्ञा आहे. आणि पोथ्यांत पुष्कळ स्थळीं, हा पाठ अमक्याचा व तो तमक्याचा, असें नांवानिशीं नोंदलेलें आढळतें.

या ‘वासना’ आजवर दोन दृष्टींनीं पाहिल्या गेल्या आहेत. श्रद्धाळू वाचकास त्या गौण वाटतात. आणि मूळ पाठ शोधणाऱ्या संपादकास त्या अडथळ्यासारख्या वाटतात, कारण त्यांतून मार्ग काढून एक पाठ ठरवावयाचा असतो. दोन्ही दृष्टि आपापल्या जागीं योग्य आहेत. परंतु समुदायाच्या शिक्षणाची परीक्षा करणाऱ्यास याहून मोलाचा पुरावा दुसरा नाहीं. या नोंदींवरून तीन गोष्टी सिद्ध होतात. पहिली, ज्ञान एकाच डोक्यांत नव्हतें. तें अनेकांच्या ठायीं पसरलेलें होतें, म्हणूनच पोथी जाऊनहि ग्रंथ गेला नाहीं. दुसरी, हें ज्ञान वेगवेगळ्या माणसांनीं आपापल्या रीतीनें ग्रहण केलें होतें. सर्वांनीं एकच घोकलें असतें तर भेद पडलाच नसता. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, भेद दिसल्यावर समुदायानें बहुमतानें एक पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकले नाहींत. ज्याचा पाठ त्याच्या नांवें ठेविला. आपल्यापेक्षां निराळी आठवण असणाऱ्या सहाध्यायास ग्रंथांत जागा देणें, ही गोष्ट सोपी नव्हे.

येथें एक आक्षेप येण्यासारखा आहे. पाठभेद म्हणजे निव्वळ विस्मरण नव्हे कशावरून? एक विसरला, दुसऱ्यानें मनानें भर घातली, तिसऱ्या लेखकाच्या डोळ्यांनीं ओळ चुकविली, यांस ‘शिक्षण’ म्हणणें हा केवळ गौरव होय, असें कोणी म्हणेल. हा आक्षेप निराधार नाहीं. कोणत्याहि बाडांत लेखनप्रमादानें पडलेले भेद शेंकडों असतात, व त्यांस शिक्षणाची खूण मानणें हास्यास्पद होईल. म्हणून भेदाभेदांत विवेक केला पाहिजे. तो असा: जो भेद निनांवी आहे, जो एका प्रतींत गुपचूप शिरला व तिच्या नकलांत उतरत गेला, तो लेखकाचा प्रमाद समजावा. जो भेद नांव घेऊन सांगितला आहे, ज्याच्या शेजारीं दुसरा पाठहि दिला आहे, तो समुदायाचा निर्णय समजावा. पहिल्यांत कोणी कांहीं ठरविलेलें नसतें. दुसऱ्यांत कोणीतरी दोन पाठ ऐकले, ताडून पाहिले, व दोन्ही राखावयाचे असें ठरविलें, एवढें तरी निश्चित असतें. नांवानिशीं राखलेला मतभेद हीच आमची कसोटी आहे. साक्षीदार नाहींसे झाल्यावरहि ती लावतां येते.

वेंगर प्रभृतींच्या मांडणीस आमची पुरवणी हीच आहे. त्यांच्या हकीकतींत लाभ झालेला मनुष्य बोलतो. ज्याचें मत पडलें तो क्वचितच बोलतो. समुदाय खरोखर शिकतो कीं केवळ एकमेकांस दुजोरा देतो, हें ज्याचें मत पडलें त्याचें नांव उरलें आहे कीं नाहीं यावरून कळतें. सर्वांचें एकमत आहे असें सांगणारा अहवाल पाहिला कीं परीक्षकानें सावध व्हावें.

५

हें सर्व कागदावरचेंच राहिलें नाहीं, हें पाहण्यास लोणार व मेहकर उपयोगी पडतात. लोणारच्या मुक्कामांत यादव राजा कान्हरदेव स्वामींस भेटल्याची लीळा आहे. हा कान्हरदेव म्हणजे सुमारें १२४६ पासून १२६१ पर्यंत राज्य करणारा कृष्ण यादव होय. इतिहाससंशोधक या लीळेंतून राजाचें नांव व काळाचा मेळ उचलतो. तत्त्वविवेचक त्यांतील वचन उचलतो. परंतु संप्रदायांतील सामान्य यात्रेकरू आणखी तिसरीच गोष्ट विचारतो: तें कोठें घडलें?

या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं स्थानपोथी झाली. स्वामी ज्या ज्या गांवीं गेले तेथें कोणत्या देवळांत राहिले, देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून होतें, आसन कोठें, भोजन कोठें, निद्रा कोठें, हें तींत गांवोगांव सांगितलें आहे. कोलते यांनीं ती संपादून प्रसिद्ध केल्यापासून तेराव्या शतकांतील गांवांची रचना व देवळांची स्थिति समजण्यास तें एक अपूर्व साधन झालें आहे. सरोवरामुळें व दैत्यसूदनाच्या देवळामुळें लोणारास जाणाऱ्या अभ्यासकानें ही पोथी बरोबर ठेवावी, अशी आमची शिफारस आहे.

मात्र आमच्या विषयाच्या दृष्टीनें स्थानपोथीचें महत्त्व निराळें आहे. असा ग्रंथ बसल्या जागीं लिहितां येत नाहीं. त्यासाठीं कोणीतरी चालत जावें लागतें, गांवच्या माणसास विचारावें लागतें, पडलेल्या भिंतीवरून जुन्या दाराचा अंदाज करावा लागतो, व आधीं जाऊन आलेल्याच्या सांगण्याशीं तो ताडून पाहावा लागतो. पुढें त्या त्या जागीं ओटे बांधले गेले. पोथी वाचतां न येणाऱ्यासहि जागा ओळखतां येऊं लागली. म्हातारीपर्यंत पोंचलें पाहिजे हें नागदेवाचार्यांचें माप येथें दगडचुन्यांत उतरलें आहे. शिवाय पोथीची चूक ओट्यावर कळते व ओट्याची चूक पोथींत कळते. दोन साधनें एकमेकांस तपासतात, व तपासणारे दरसाल नवे येतात. नवखा यात्रेकरू जाणत्याच्या मागून चालत चालत जाणता होतो, हें तर लेव्ह व वेंगर यांच्या शिंप्यासुइणींच्या हकीकतीशीं तंतोतंत जुळतें.

६

गुणांबरोबर उणें सांगणें परीक्षकाचें कर्तव्य आहे. या समुदायानें आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिले. त्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध ती सकळ लिपी. तिचें कर्तृत्व रवळोबासांकडे दिलें जातें. एका अक्षराऐवजीं दुसरें घालावयाचें, अशी तिची मूळ युक्ति आहे. तिच्या योगानें ग्रंथ परक्या हातांपासून वांचले, भाषेंत मागाहून होणारी ढवळाढवळ पुष्कळ टळली, आणि तेराव्या शतकाच्या मराठीचे प्रयोग आमच्यापर्यंत पोंचले. हा जमेचा रकाना झाला. खर्चाचा रकाना असा कीं, मराठी भाषेचें आद्य गद्य मराठी वाचकांस शतकानुशतकें अज्ञात राहिलें. संप्रदायाविषयीं बाहेर नाहीं नाहीं ते प्रवाद पसरले, आणि त्यांचें निरसन करूं शकणारे ग्रंथ लिपीच्या कुलपांत पडून राहिले. आपल्या माणसांस उत्तम शिकविणारा समुदाय शेजाऱ्यास कांहींच शिकवीत नाहीं, असें होऊं शकतें. वरील पांच प्रकारांत याचा हिशेब कोठेंच येत नाहीं, कारण ते समुदायाच्या आंत उभे राहून मोजतात. बाहेर काय पोंचलें, हा सहावा प्रश्न आम्ही त्यांत घालूं.

या सहाव्या प्रश्नाचें उत्तर विसाव्या शतकांत मिळूं लागलें. त्या शतकाच्या पहिल्या चरणांत इतिहासाचार्य राजवाडे यांनीं सांकेतिक लिपीचा उलगडा केला. यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे यांनीं १९२५ सालीं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ लिहून या ग्रंथसंपत्तीचा विस्तार दाखविला. नागपूरचे ह. ना. नेने यांनीं १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध केले, डॉ. शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ति १९६० नंतरच्या दशकांत निघाली. आणि कोलते यांची मोठी संपादित प्रत महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें १९७८ सालीं काढली. इंग्रजी विद्वान् इयन रेसाइड यांनीं १९६० सालीं महानुभावीय ग्रंथांची सूचि प्रसिद्ध केली, व अमेरिकन विदुषी अॅन फेल्डहाउस यांनीं सूत्रपाठ, गोविंदप्रभुचरित्र व स्मृतिस्थळ यांचा इंग्रजी वाचकांस परिचय करून दिला. हें काम बाहेरच्यांनीं केलें असें दिसलें, तरी तें अर्धेंच खरें आहे. पोथी हातीं देणारा, संज्ञांचा सांप्रदायिक अर्थ सांगणारा जाणता पुरुष आंतलाच असे. संशोधकास त्याच्या कडेला बसून शिकावें लागलें. नरवेलसारख्या खेड्यांतून निघालेला अभ्यासक विद्यापीठाचा कुलगुरु होतो व तरीहि पोथीपुढें विद्यार्थी राहतो, यांतच या विद्येचें रहस्य आहे.

७

तथापि मुद्रणाबरोबर एक नवी हानि होऊं लागली आहे. छापील ग्रंथ हातीं आला कीं वाचक त्यासच ‘लीळाचरित्र’ समजतो. संपादकानें पाठभेद कितीहि काळजीनें दिलेले असोत, ते तळटीपेंत जातात, व तळटीप फारच थोडे वाचतात. ज्या समुदायानें मतभेद ग्रंथाच्या पोटांत राखला, त्याचा ग्रंथ आम्ही एकमुखी करून वाचतों. याचा दोष संपादकांस देतां येणार नाहीं. तो आमच्या वाचण्याच्या संवयीचा आहे. संग्राहकांच्या हातून होणारी हानि मात्र टाळतां येण्यासारखी आहे. मोठ्या बाडांतून जुनें तेवढें काढून घेणें, ‘अर्वाचीन नक्कल’ म्हणून उशिराची प्रत टाकून देणें, छायाचित्रें घेतांना समासांतील मजकूर व शेवटचें कोरें वाटणारें पान वगळणें, हे प्रकार सर्रास चालतात. शेवटच्या पानावर पुष्पिका असते. समासांत शिकणाराची शंका असते. उशिराच्या नकलेंत, आधींच्या प्रतींत नसलेली एखादी वासना नांवानिशीं उतरलेली असूं शकते. आम्ही टाकून देतों तो भाग, वरील कसोटीनें पाहिल्यास, पोथीचा सर्वांत बोलका भाग असतो.

म्हणून पोथीची नोंद करतांना ग्रंथनाम, पत्रसंख्या व शक यांच्या जोडीस पुढील गोष्टी टिपल्या जाव्या अशी आमची सूचना आहे. प्रत कोणी, कोणासाठीं व कोठें लिहिली. दुरुस्त्या त्याच हाताच्या आहेत कीं दुसऱ्याच्या. हरताळ लावून खोडलेलें, व काकपद देऊन वर घातलेलें, किती स्थळीं आहे. नांव घेऊन दिलेल्या वासना कोणाच्या. पोथी कवीश्वर, उपाध्ये, पारमांडल्य यांपैकीं किंवा अन्य कोणत्या आम्नायांतील. एकाच वेष्टनांत तिच्यासोबत आणखी कोणते ग्रंथ होते. कारण सूत्रपाठाशेजारीं प्रकरणवश असेल तर तें बाड शिकण्याशिकविण्याच्या उपयोगाचें होतें असें अनुमान निघतें. आणि शेवटीं, ती कोणाकडून कोणाकडे येत गेली. पोथीच्या धन्याची इच्छा नसल्यास त्याचें नांव छापूं नये. परंतु परंपरेचा क्रम नोंदींत राखावा.

बुलढाणा जिल्ह्यास असल्या कामाची ओळख नाहीं असें नाहीं. बुलढाण्याचे यादव माधव काळे यांनीं ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४ सालीं प्रसिद्ध केला, तो जिल्ह्याच्या गांवीं बसून, दूरच्या दप्तरखान्यांवर सर्वस्वीं विसंबून न राहतां. आज लोणार व मेहकर परिसरांत स्थानपोथी हातीं घेऊन ओट्यांची पाहणी करणें, व त्या पाहणींत संप्रदायांतील वृद्धांस साक्षीदार म्हणून नव्हे, तर सहपरीक्षक म्हणून घेणें, हें तरुण अभ्यासकांस सहज करतां येईल. जेथें पोथी व ओटा यांचा मेळ बसणार नाहीं, तेथें निकाल देण्याची घाई करूं नये. पोथी काय म्हणते व वृद्ध काय म्हणतात, हीं दोन्ही मतें आपापल्या नांवानें नोंदावीं. म्हाइंभटांनंतरच्या पिढीनें घालून दिलेली रीत हीच आहे, आणि तिच्याहून चांगली रीत आम्हांस माहीत नाहीं.

समुदाय किती मोठा होता, त्यानें किती पोथ्या लिहिल्या, हे आंकडे ज्यांस हवे असतील त्यांनीं जमवावे. त्यांपासून त्याचा पसारा कळेल. तो काय शिकला हें कळण्यास मात्र, त्यांत एकमेकांस कोणी दुरुस्त केलें, व दुरुस्त झालेल्याचें नांव कोणी राखलें, हेंच पाहावें लागेल. ज्या संग्राहकांजवळ लीळाचरित्राच्या किंवा स्थानपोथीच्या अशा नामनिर्देशयुक्त प्रति असतील, त्यांनीं मूळ बाड न फोडतां, पुष्पिका व समास यांसह त्यांचें वर्णन प्रसिद्ध करावें, अशी आमची विनंति आहे.